समतेचा हिशेब (लेखांक ९) : ‘इतर’ नावाचा रकाना

ब्रिटनमधल्या जातिभेदाविषयी तिथल्या सरकारने २०१७ मध्ये लोकांना काय विचारलं, ते या आठवड्यात सांगतो असं मी मागच्या लेखाच्या शेवटी कबूल केलं होतं. ते आज होणार नाही. सांगलीहून एक पत्र आलं आणि गाडी दुसऱ्याच रुळावर गेली.

पत्र लिहिणारे गृहस्थ जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. अक्षर मोत्यासारखं, मजकूर मात्र तिखट. ते लिहितात, ‘हरकती व सूचना आम्हीही मागवत होतो. नोटीस लागायची, तीस दिवस सरायचे, टपाल यायचं, आवक नोंदवहीत क्रमांक पडायचा आणि सगळं लाल रुमालात बांधून कपाटावर जायचं. तुम्ही आठ आठवडे त्या इंग्रजांच्या समता-कर्तव्याचं कौतुक चालवलंय. त्यांच्या रुमालाचा रंग कोणता, तेवढं एकदा सांगून टाका.’

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं. कारण तसल्या रुमालाची एक गाठ मी माझ्या हाताने मारलेली आहे.

लंडनमधल्या एका बरो कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, समाजसेवा खात्यात मी सोळा वर्षं काढली, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. २०१० नंतर केंद्र सरकारने कौन्सिलांच्या अनुदानाला कात्री लावली आणि दर हिवाळ्यात काय काय बंद करायचं याची यादी फिरू लागली. एका वर्षी यादीत म्हाताऱ्या माणसांसाठीचं एक डे सेंटर होतं. बंद करण्याआधी लोकांना विचारायला हवं, म्हणून चौदा पानांची प्रश्नावली छापली गेली. तिच्यातला पहिला प्रश्न मला अजून पाठ आहे: ‘उपलब्ध निधी ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यासाठी वापरला जावा, या मताशी आपण कितपत सहमत आहात?’ पुढे पाच चौकोन, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. आता याला असहमत कोण होणार? आईवडिलांना सांभाळावं का, असं विचारण्यातला प्रकार. पण ‘बहुसंख्य नागरिक कौन्सिलच्या भूमिकेशी सहमत आहेत’ हे वाक्य अहवालात घालायला त्या प्रश्नाचा फार उपयोग झाला.

माझ्याकडे काम होतं टपाल फोडायचं. फॉर्मच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचं असल्यास’ म्हणून अर्धं पान कोरं सोडलेलं असे. तिथला मजकूर वाचायचा आणि संगणकावर त्याच्यासमोर एक आकडा टाकायचा. चार म्हणजे वाहतूक, सात म्हणजे जेवण, अकरा म्हणजे एकटेपणा. असे बावीस आकडे होते. एक फॉर्म असा आला की त्यातले सगळे चौकोन निळ्या बॉलपेनने आडवे खोडलेले, आणि पाठीमागच्या बाजूला मोठ्या, कापऱ्या अक्षरांत एकच ओळ: ‘माझ्या पायाची नखं कोण कापणार?’

त्या डे सेंटरवर दर सहाव्या गुरुवारी पायांची निगा राखणारी एक बाई यायची. कोमट पाण्याचा टब, नखं कापायचा जाडजूड चिमटा, कानस, मांडीवर टॉवेल. ज्याला वाकता येत नाही आणि वर मधुमेह आहे, त्याला वाढलेलं नख ही किरकोळ बाब नसते. ते मांसात रुततं, जखम होते, चिघळते आणि पाय कापायची वेळ येऊ शकते. त्या एका ओळीत म्हातारपण होतं, आजारपण होतं, घरात दुसरं कोणी नसणं होतं. मी आकड्यांची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. नखांना आकडा नव्हता. बावीस म्हणजे ‘इतर’. मी बावीस टाकला आणि पुढचं पाकीट फोडलं.

नगरसेवकांसमोर जो अहवाल गेला त्यात ‘इतर मुद्दे’ अशी एक ओळ होती. नखं त्यात नव्हती. सेंटर बंद झालं.

तेव्हा रावसाहेब, रुमाल तिथेही असतो. त्याला एक्सेलचा रकाना म्हणतात आणि त्याचा रंग पांढरा असतो. आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच संपलं. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र आजचा सगळा लेख खर्ची पडणार आहे.

२०१० च्या इक्वालिटी ॲक्टचं कलम १४९, म्हणजेच हे समता-कर्तव्य, आपण गेल्या तीन आठवड्यांत उलटंपालटं करून पाहिलं. त्यातला एक शब्दप्रयोग मी तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवला होता: ‘ड्यू रिगार्ड’. भेदभाव संपवा, संधीची समानता वाढवा, लोकांत सलोखा राखा, असा थेट हुकूम कायदा सरकारी संस्थांना देत नाही. कोणताही निर्णय घेताना या तीन गोष्टींकडे ‘ड्यू रिगार्ड’ द्या, एवढंच सांगतो. याचं मराठी करताना मी बरेच दिवस चाचपडत होतो. ‘यथोचित विचार’ म्हटलं की शाळेतला निबंध वाटतो, ‘योग्य तो आदर’ म्हटलं की शाल-श्रीफळ आठवतं. शेवटी ‘दखल’ सापडला. कचेरीत मुरलेला शब्द आहे आणि पोलिसांनी त्याला चांगली धारही लावून ठेवली आहे. गुन्हा दखलपात्र असला की ठाण्याला हलावंच लागतं, ‘बघू नंतर’ म्हणायची सोय नाही. पण दखल घेतली म्हणून आरोपीला शिक्षा होईलच असं मात्र नाही. समता-कर्तव्याचा जोर आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका शब्दात बसतात.

आता गंमत अशी की लोकांना विचारलंच पाहिजे, असं कलम १४९ कुठेही म्हणत नाही. पण एखाद्या निर्णयाने अपंग माणसाचं काय होईल, हे मुळात ठाऊकच नसेल तर दखल घेणार कशाची? म्हणून संस्था विचारतात. आणि एकदा विचारायला सुरुवात केली की मग कसं विचारलं, हे न्यायालय तपासतं. त्यासाठीचा गज मात्र समतेच्या कायद्यातला नाही. तो एका शाळांच्या भांडणातून आलेला आहे.

ब्रेंट हा वायव्य लंडनमधला बरो. वेम्बली स्टेडियम तिथलंच. १९८० च्या दशकात ब्रेंट कौन्सिलने काही शाळा बंद करायचं आणि काही एकमेकींत मिसळायचं ठरवलं, पालकांना धड विचारलं नाही, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. १९८५ चा हा गनिंग खटला. त्यात स्टीफन सेडली या वकिलाने चार अटी मांडल्या आणि न्यायाधीश हॉजसन यांनी त्या जशाच्या तशा उचलल्या. विचारायचं ते प्रस्ताव अजून कच्चा असताना. लोकांना नीट विचार करून उत्तर देता येईल इतकी कारणं आणि माहिती द्यायची. उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा. आणि आलेल्या उत्तरांचा निर्णय घेताना प्रामाणिकपणे विचार करायचा. सेडली पुढे स्वतः अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांच्या या चार अटींवर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला २०१४ साल उजाडलं, म्हणजे एकोणतीस वर्षं लागली. तोवर कौन्सिलांचे वकील आपापल्या साहेबांना ही चार वाक्यं ऐकवून ऐकवून थकले होते. आमच्या खात्यात तर ती भिंतीवर लावलेली होती, चहाच्या किटलीच्या वर. वाफेने कागद पिवळा पडला होता.

चारांतली पहिली अट मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे सुपारी फुटल्यावर आजीला विचारतात, ‘मुलगा कसा वाटला गं?’ आजी शहाणी असते, ती ‘छान आहे’ म्हणते. पूजेला बसलेल्या यजमानाने गुरुजी थांबतील तिथे ‘मम’ म्हणावं, तसं हे म्हणणं असतं. पहिली अट या ‘मम’ला सल्लामसलत मानायला नकार देते.

तिचा चांगला नमुना साउथॉलमध्ये पाहायला मिळतो. साउथॉल म्हणजे ईलिंग बरोमधली पंजाबी वस्ती. तिथे १९७९ पासून ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संस्था काम करते. नवऱ्याच्या, सासरच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या बायकांना ती आधार देते. ईलिंग कौन्सिल तिला अनुदान देत असे. मग कौन्सिलने ठरवलं की घरगुती हिंसाचाराविरुद्ध साऱ्या बरोत सर्वांसाठी एकच सेवा हवी, एकाच गटासाठी वेगळा पैसा नको. कारण काय, तर समता आणि एकोपा! म्हणजे समतेचंच नाव घेऊन समतेची संस्था बंद पडायची वेळ आली. संस्थेचा आधार घेणाऱ्या बायका उच्च न्यायालयात गेल्या.

२००८ च्या जुलैत सुनावणी झाली. दुसऱ्याच दिवशी कौन्सिलने माघार घेतली. भांडण तिथेच मिटलं होतं, पण न्यायमूर्ती मोझेस यांनी तरीही कारणांसकट निकाल लिहिला, आणि बरं झालं लिहिला. कौन्सिलने परिणामांची तपासणी केली होती, पण धोरण ठरून गेल्यावर, ठरलेल्याचं समर्थन करायला. न्यायमूर्तींना ते चाललं नाही. आपल्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. घरात कोंडलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या बाईसाठी तिच्या भाषेतली, तिचं घर समजणारी वेगळी सेवा असणं हे समतेच्या किंवा एकोप्याच्या विरुद्ध नाही, उलट कधीकधी त्याच वाटेने समतेकडे जाता येतं. आरक्षणावरचे वाद ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हा मुद्दा काही नवा नाही. पण ज्यांच्या तोंडी सारखं ‘सर्वांना सारखंच’ असतं, त्यांच्यासाठी तो निकाल मी आमच्या खात्यात निदान दहा वेळा तरी झेरॉक्स करून वाटला असेन.

दुसरी अट सर्वांत जास्त मोडली जाते, आणि मोडणाऱ्याला अनेकदा त्याचा पत्ताही नसतो. उत्तर लंडनमधल्या हॅरिंगे बरोचं उदाहरण घ्या. गरीब घरांना कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी सवलत २०१३ पासून केंद्राने आपल्या अंगावरून काढली आणि कौन्सिलांच्या गळ्यात घातली. पैसे देताना सुमारे दहा टक्के कमी दिले. वर अट घातली की निवृत्तांच्या सवलतीला हात लावायचा नाही. म्हणजे सगळी तूट कामाच्या वयातल्या गरिबांवर. हॅरिंगेने घरोघरी पत्रं पाठवून विचारलं, पण अशा सुरात, की तुमची सवलत कमी करण्यावाचून दुसरी वाटच नाही. वाटा होत्या. सगळ्यांचा कर थोडा वाढवता आला असता, दुसऱ्या सेवांचा खर्च कमी करता आला असता, गंगाजळीला हात घालता आला असता. हे पर्याय आम्ही पाहिले आणि या या कारणाने सोडून दिले, असं दोन ओळींत तरी सांगायला हवं होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं. सल्लामसलत बेकायदा ठरली. ती नव्याने करायचा आदेश मात्र निघाला नाही, कारण तोवर दोन वर्षं उलटून गेली होती. दावा लावला होता एकल मातांनी. त्यांच्या नावाने कायद्याची पुस्तकं सुधारली गेली, त्यांच्या हाती काय पडलं हा प्रश्न निराळा.

या निकालानंतर आमच्या प्रश्नावल्यांत ‘विचारात घेतलेले इतर पर्याय’ असं एक पान वाढलं. चौदाची पंधरा पानं झाली.

तिसऱ्या, म्हणजे वेळेच्या अटीवर फार रेंगाळत नाही. रावसाहेबांच्या तीस दिवसांपुढे ब्रिटन बरंच उदार होतं. केंद्र सरकारच्या २००८ च्या संहितेत किमान १२ आठवडे सांगितले होते. २०१२ च्या जुलैत ती संहिता जाऊन ‘तत्त्वं’ आली आणि १२ आठवडे गळून पडले. आता जितका वेळ प्रसंगाला योग्य वाटेल तितका. योग्य कोणाला वाटायचा, ते तुम्हीच ओळखा.

इथे एक आडवळण घेतो, कारण त्याच्याशिवाय माझ्याच्याने पुढे जाववत नाही. खुद्द समता-कर्तव्य कसं राबवायचं, याविषयीही लोकांना विचारलं गेलं होतं, आणि त्या सल्लामसलतीची कथा ऐकण्यासारखी आहे.

कलम १४९ हा झाला गाभा. त्याखाली संस्थांनी नेमकं काय काय करायचं, ते ठरवणारे नियम इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडने वेगवेगळे करायचे होते. इंग्लंडसाठीचा प्रस्ताव ऑगस्ट २०१० मध्ये लोकांसमोर आला, जानेवारी २०११ मध्ये नियमांचा मसुदा निघाला. धोरण ठरवताना कोणाकोणाशी बोललात तेही प्रसिद्ध करा, अशी अपेक्षा त्यात होती. लोकांनी उत्तरं दिली. मुख्य कर्तव्य ५ एप्रिल २०११ ला लागू व्हायचं होतं. त्याच्या तीनच आठवडे आधी, १७ मार्चला, सरकारने एक नवा कागद काढला. कागदी घोडे कमी करायचे म्हणून आता एवढं सगळं नको. माहिती प्रसिद्ध करा, एक किंवा अधिक उद्दिष्टं ठरवा, बस्स. कोणाशी बोललात ते सांगायचं बंधन गेलं. यावर मत द्यायला मुदत २१ एप्रिलपर्यंत, म्हणजे पाच आठवडे. सप्टेंबरमध्ये नियम लागू झाले ते जवळपास त्याच सडपातळ रूपात.

थोडक्यात, समता-कर्तव्यावरच्या सल्लामसलतीतून सल्लामसलतीची नोंद ठेवायचं बंधनच वगळलं गेलं. हे कळलं त्या संध्याकाळी आमच्या खात्यातली माझी सहकारी, मूळची घानाची, चहाचा कप हातात घेऊन किटलीवरच्या त्या पिवळ्या कागदासमोर बराच वेळ नुसती उभी होती.

वेल्सने तसं केलं नाही. ज्यांच्यासाठी नियम करायचे त्यांच्या प्रतिनिधींना सामील करून घ्या, असं बंधन तिथे राहिलं. स्कॉटलंडमधला पहिला मसुदा तर संसदेच्या समितीतच अडला. तो मागे घेऊन पुन्हा लोकांना विचारलं गेलं, आणि मे २०१२ मध्ये जे नियम आले त्यांत संबंधित लोकांना सहभागी करून घेण्याची अट होती. एकच कलम, तीन प्रांत, तीन स्वभाव. यावर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा. तो कधी होईल याचं वचन मात्र या घडीला मी देत नाही.

आता चौथी अट. उत्तरांचा प्रामाणिकपणे विचार केला का? मनात काय होतं हे कोर्टाने कसं ओळखायचं? ‘इतर’ नावाचा रकाना नेमका इथे आडवा येतो.

इंडिपेंडंट लिव्हिंग फंड नावाचा एक निधी ब्रिटनमध्ये १९८८ पासून होता. अतितीव्र अपंगत्व असलेल्या माणसांना संस्थेत न जाता स्वतःच्या घरी, स्वतः निवडलेल्या मदतनिसांच्या साह्याने राहता यावं, यासाठी. रात्री कुशीवर वळवायला कोणीतरी हवं, सकाळी कामावर जायला निघताना कोणीतरी हवं, मनात आलं तर सिनेमाला जायलाही कोणीतरी हवं. कौन्सिल देत असे त्याच्यावर हा निधी भर घालायचा. २०१२ मध्ये १८ ते १९ हजार माणसं त्यावर अवलंबून होती. सरकारने तो बंद करून पैसे कौन्सिलांकडे द्यायचं ठरवलं आणि उन्हाळ्यात सल्लामसलत काढली.

कौन्सिलवर अवलंबून राहायचं म्हणजे काय, हे त्या माणसांना चांगलं माहीत होतं. आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, एलेन मॅकडोनल्ड यांचा खटला गाजला होता. स्कॉटिश बॅलेमधली ही एकेकाळची प्रमुख नर्तिका, पक्षाघाताने चालणं अवघड झालेलं. रात्री शौचालयापर्यंत न्यायला येणारी मदतनीस त्यांच्या कौन्सिलने काढून घेतली आणि त्याऐवजी रात्रभर वापरायला पॅड दिले, खरं तर त्यांचा लघवीवर ताबा होता. सर्वोच्च न्यायालयात त्या चार विरुद्ध एक अशा मताने हरल्या. विरोधातलं एकमेव मत न्यायमूर्ती लेडी हेल यांचं. तेव्हा निधीच्या लाभार्थींनी २०१२ मध्ये जी उत्तरं लिहिली ती ‘चिंता वाटते’ या जातीची नव्हती. घर सुटेल, नोकरी सुटेल, परत संस्थेत पडावं लागेल, असं लोकांनी रोखठोक लिहिलं होतं. काही कौन्सिलांनी स्वतःच कळवलं की एवढा भार आम्हाला पेलणार नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये मंत्र्यांनी निधी बंद करायचा निर्णय जाहीर केला. पाच लाभार्थी कोर्टात गेले. उच्च न्यायालयात हरले. नोव्हेंबर २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मंत्र्यांचा निर्णय रद्द केला. ब्रॅकिंग खटला म्हणतात तो हाच.

न्यायमूर्ती मॅककूम्ब यांच्या निकालातली पकड मला आजही चकित करते. सल्लामसलत झाली नाही, असं ते म्हणत नाहीत. झाली होती. उत्तरं आली होती, अधिकाऱ्यांनी वाचली होती. पण मंत्र्यांच्या टेबलावर जे टिपण गेलं, त्यात त्या उत्तरांची चव उतरली नव्हती. हो, निकालात चवीचाच इंग्रजी शब्द आहे. लोकांचं स्वतंत्र जगणं धोक्यात येईल, ही धग टिपणात येईतो ‘काही प्रतिसादकांनी शंका व्यक्त केल्या’ इतपत कोमट झाली. आणि कायदा असा की कर्तव्य मंत्र्यांचं आहे. खात्यातल्या कारकुनाच्या खणात काय होतं, हे मंत्र्यांना माहीत होतं असं धरता येत नाही. ही गोष्ट २००८ च्या पोस्ट ऑफिसांच्या खटल्यातही सांगितली गेली होती. तो दावा लावणारी अपंग बाई हरली, पण तिच्या खटल्यातले नियम टिकले: दखल निर्णय घेणाऱ्यानेच घ्यायची, ती दुसऱ्यावर सोपवता येत नाही, आणि नुसत्या चौकोनांत खुणा करून ती घेतली असं होत नाही.

हा निकाल मी ऑफिसातून घरी जाताना ट्रेनमध्ये वाचला. माझं स्टेशन निघून गेलं. नख नजरेसमोर आलं. मी टाकलेला बावीस हा आकडा बेकायदा होता असं मी म्हणत नाही, तसं म्हणायचा मला अधिकार नाही. पण चव कुठे जाते हे मला ठाऊक होतं. मंत्र्यांच्या टेबलावर पोचेपर्यंत ती जात नाही, त्याच्या कितीतरी आधी जाते, टपाल फोडणाऱ्याच्या बोटांत. दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, अहवालाला निदान वीस उत्तरं मूळ शब्दांत जोडूया. साहेब चांगले होते. वीस नाही, पण आठ जोडली गेली आणि पुढे ती पद्धत पडली. सोळा वर्षांच्या नोकरीत मी केलेलं एवढंच एक काम मला अभिमानाने सांगता येतं.

निधीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर रावसाहेब दुसरं पत्र टाकतील. मार्च २०१४ मध्ये नव्या मंत्र्यांनी पुन्हा सगळे कागद पाहिले आणि पुन्हा तोच निर्णय घेतला. परत दावा लागला. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण या खेपेला टिपणात काहीही लपवलेलं नव्हतं. या निर्णयाने लोकांचं नुकसान होईल, असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मंत्र्यांनी ते वाचून सही केली होती. ठरल्या तारखेपेक्षा तीन महिने उशिराने, ३० जून २०१५ रोजी, निधी बंद झाला. स्कॉटलंडने मात्र आपल्या लाभार्थींसाठी १ जुलैपासून तो स्वतःच्या नावाने चालू ठेवला.

म्हणजे एवढं सगळं करून मिळवले तीन महिने? सांगलीहून हाच प्रश्न येणार, हे मला दिसतंय. माझं मत सांगतो. तीन महिने मिळाले, हे खरं. पण पहिल्या वेळी मंत्र्यांना ‘मला कल्पना नव्हती’ म्हणायला जागा होती. दुसऱ्या वेळी ती जागा कोर्टाने काढून घेतली. हे थोडं आहे. जास्त आहे असा आव मी आणणार नाही. मात्र आपल्याकडे अजून तेवढंही नाही. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असं केंद्राने २०१४ मध्ये ठरवलं खरं, पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. विकास आराखड्यावर हरकती घेण्याचं बंधन आपल्या राज्याच्या कायद्यात जुनंच आहे, आणि मुंबईच्या आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये लोकांच्या आरडाओरड्यामुळे बाजूला ठेवावा लागला, हेही मान्य. पण ते आरडाओरड्याने झालं. रुमाल सोडून त्यातला एकेक कागद मंत्र्यांनी वाचला होता का, हे शपथेवर विचारणं निराळं. ब्रॅकिंगमध्ये तेच विचारलं गेलं.

वाचकांपैकी कोणी एखाद्या हरकतीला लेखी, मुद्देसूद उत्तर मिळालेलं जपून ठेवलं असेल, तर त्याची प्रत मला जरूर पाठवा. सांगलीकरांनी तर पाठवावीच. कपाटावरचं काहीतरी त्यांनी निवृत्तीच्या दिवशी घरी आणलंच असणार, असा माझा अंदाज आहे.

पुढच्या आठवड्यात मात्र २०१७ ची जातीवरची सल्लामसलत, आणि या वेळी नक्की. सहा महिने चाललेली, सोळा हजारांवर उत्तरं आलेली, आणि शेवटी ज्या कलमाविषयी विचारलं ते कलमच नको, असं सरकारने ठरवलेली. तोवर इक्वालिटी ॲक्टचं कलम ९, पोटकलम ५ वाचून ठेवा. चारच ओळी आहेत.